विंटेज मोटारीचा डॅशबोर्ड : देखभाल

जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डवरील गेज, स्विच, नॉब आणि केबल मूळ रूपात चालू ठेवण्याचे काम. भारतात 2021च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुनी, चॅसी, बॉडी व इंजिनात मोठा फेरफार न केलेली मोटार विंटेज ठरते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. येथील वर्णन एमजीबी या स्पोर्ट्स कारसारख्या, ल्यूकस कंपनीचे वायरिंग आणि स्मिथ्स कंपनीचे गेज असलेल्या ब्रिटिश मोटारींचे आहे.

हात घालण्याआधी बॅटरीचे टर्मिनल काढावे. बॅटरीकडून थेट येणाऱ्या तपकिरी वायरला फ्यूज नसतो. तिला पाना टेकून बॉडीला लागला तर पाहता पाहता वायरिंग जळते.

गेज चुकीचे दाखवू लागला की तोच बदलण्याची घाई होते, आणि बहुधा ती वाया जाते. 1964च्या सुमारापासून विजेवरच्या गेजांना व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाच्या, दाब स्थिर ठेवणाऱ्या छोट्या डबीतून सरासरी 10 व्होल्ट मिळू लागले. त्याच्या आत द्विधातूची पट्टी असते. तिच्यावरची तार तापली की पट्टी वाकून कॉन्टॅक्ट सुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. या तारेची अर्थ, म्हणजे मोटारीच्या बॉडीशी असलेली जोडणी, डबीच्या पत्र्यातून जाते. तिथे गंज किंवा रंग आला की तार तापतच नाही, कॉन्टॅक्ट जुळलेलाच राहतो आणि पूर्ण 12 व्होल्ट पुढे जातात. म्हणून पेट्रोल व तापमान, दोन्ही काटे एकदम चढले तर आधी ही डबी उतरवून तिची बसण्याची जागा पॉलिश पेपरने घासावी. दोन्ही पडले तर फ्यूज आणि डबीत वीज येते त्या ‘बी’ टर्मिनलची हिरवी वायर बघावी. डबी बसवताना ‘बी’ची बाजू वर हवी. कॉन्टॅक्ट सतत सुटत-जुळत असल्याने डबीतून निघणारे व्होल्ट मोजताना डिजिटल मल्टीमीटरवर आकडे उड्या मारतात, ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

एकच काटा चुकत असेल तर सेंडरची, म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसून गेजला माप कळवणाऱ्या भागाची, वायर काढावी आणि बॅटरी जोडून, इग्निशन चालू करून ती क्षणभर अर्थला लावावी. काटा पूर्ण चढला तर गेज ठीक, दोष सेंडरमध्ये. गेजला थेट 12 व्होल्ट मात्र कधीही देऊ नयेत.

स्पीडोमीटरचा काटा नाचतो तो बहुतेकदा केबलमुळे. आतली तार काढून रॉकेलने धुवावी. ग्रीस हलके, आणि मीटरकडचे वरचे 15–20 सेंमी कोरडे ठेवून लावावे. नाहीतर ग्रीस तारेबरोबर वर चढून मीटरमध्ये शिरते. केबलला घट्ट वळणही नको.

हेडलाइटला 60/55 वॅटचे हॅलोजन बल्ब लावले की हाय बीमवर जुन्या स्विचमधून सुमारे 10 अँपिअर जातात. स्विच तापतो, कॉन्टॅक्ट काळे पडतात. हा प्रवाह स्विचऐवजी स्वतःतून नेणारा रिले लपवून बसवणे बरे. डॅशबोर्डचे रूप तसेच राहते.

चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोल वाढवणारी सोय. तिचा नॉब पूर्ण आत असताना कार्ब्युरेटरजवळ तारेला सुमारे 1.5 मिमी ढील हवी. नसेल तर एसयू बनावटीच्या कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारी नळी) पूर्ण वर येत नाही, मिश्रण रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचे, राहते आणि प्लग काजळतात. नॉब जड झाला तर ओढाताण न करता केबलमध्ये पातळ तेल सोडावे.