तिहारच्या गेटातून निघालेली लढाई
समलिंगी आणि तृतीयपंथी कैद्यांच्या हक्कांची पार्श्वभूमी

१९९४ साली डॉक्टरांचं एक पथक दिल्लीच्या तिहार तुरुंगात गेलं. आतल्या पुरुषांमध्ये शरीरसंबंध येतात, तेव्हा एचआयव्ही पसरू द्यायचा नसेल तर कैद्यांना निरोध द्या, असं त्यांनी सुचवलं. तुरुंग महानिरीक्षक होत्या किरण बेदी. तिहारमधल्या सुधारणांमुळे त्यांचं नाव देशभर गाजत होतं आणि त्याच वर्षी त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. निरोध वाटायला मात्र त्यांनी नकार दिला. वाटले असते तर आत असं काही घडतं याची कबुलीच दिल्यासारखं झालं असतं, आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ खाली तो जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा होता.

‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ हा दिल्लीतला छोटा गट यावर उच्च न्यायालयात गेला. कैद्यांना निरोध द्या, समलिंगी असल्याच्या संशयावरून कुणाला बाजूला काढू नका आणि ३७७ घटनाबाह्य ठरवा, अशा त्याच्या मागण्या होत्या. ३७७ ला भारतातल्या न्यायालयात मिळालेलं हे पहिलं आव्हान. पुढे चोवीस वर्षं चाललेली लढाई अशी तुरुंगाच्या गेटातून सुरू झाली, आणि तुरुंगाला मागे ठेवूनच पुढे गेली.

ही याचिका रेंगाळत राहिली आणि २००१ मध्ये पाठपुराव्याअभावी निकाली निघाली. त्याच वर्षी ‘नाझ फाउंडेशन’ने नवी याचिका केली. तिचा भर होता सज्ञान व्यक्तींनी परस्परसंमतीने, खासगीत ठेवलेल्या संबंधांवर. वकिली डावपेच म्हणून ते शहाणपणाचंच होतं. पण पन्नास-साठ माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात त्या बराकीत ‘खासगी’ काय असतं? असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवणं आणि अखेर ते पुन्हा गुन्ह्यातून वगळणारा ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निर्णय, या सगळ्या प्रवासात तुरुंग कडेलाच राहिला.

तृतीयपंथीयांचा तुरुंगाशी आलेला संबंध याहून जुना. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास त्यांच्यासाठी लिहिलेला होता. मुलं पळवणं, त्यांचं लिंग छेदणं किंवा ३७७ खालचे गुन्हे यांचा नुसता संशय आला तरी सरकारी नोंदवहीत नाव चढे. नाव चढलेल्या माणसाने बायकी वेश किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसायचं नाही, नाचगाणं करायचं नाही. दिसल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही, सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवायचा नाही. या कलमांचा जोर प्रामुख्याने उत्तरेत, वायव्य प्रांतात होता. पण निजामाच्या हैदराबाद संस्थानाने १९१९ मध्ये याच वळणाचा कायदा केला, आणि त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. तो कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने रद्द केला २०२३ मध्ये. मधली शंभर वर्षं तो कागदावर जिवंत होता, हे मुद्दाम सांगितलं पाहिजे.

तुरुंगाचा मूळ कायदा १८९४ चा. त्याचं कलम २७ कैद्यांची विभागणी सांगतं: स्त्रिया वेगळ्या, पुरुष वेगळे, कच्चे कैदी पक्क्यांपासून वेगळे, दिवाणी फौजदारींपासून वेगळे. तिसरा रकाना नाही. कलम २४ प्रमाणे आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती होते, आणि स्त्रीची झडती स्त्री कर्मचाऱ्यानेच घ्यायची असते. झडती कुणी घ्यायची हा प्रश्न बाहेरून किरकोळ वाटेल, पण तृतीयपंथी कैद्याचं आतलं सगळं पुढचं आयुष्य गेटवरच्या या एका झडतीच्या टेबलापाशी ठरतं. वॉरंटवर पुरुषाचं नाव, समोर साडीतली व्यक्ती. झडती शिपाई घेणार की महिला शिपाई? केस कापायचे का? आणि रात्री कुठल्या बराकीत? कायदा गप्प असल्यामुळे उत्तर द्यायचं ड्युटीवरच्या तुरुंगाधिकाऱ्याने, आणि ते बहुतेक वेळा शरीर बघून दिलं जातं. पुरुषांच्या बराकीत टाकलं तर काय होतं, ते आत राहून आलेले लोक सांगतात. अत्याचार टाळायचा म्हणून वेगळ्या कोठडीत ठेवलं तर ती न्यायालयाने न सुनावलेली एकांतवासाची शिक्षा.

एकांतवासावर सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच बोट ठेवलं होतं, सुनील बत्रा खटल्यात. तोही तिहारचाच. तुरुंगात गेलेला माणूस शिक्षेने हिरावलेल्या स्वातंत्र्यापुरताच हक्क गमावतो, बाकीचे त्याच्याजवळच राहतात, हे तत्त्व तर त्याहून जुनं आणि त्याला मराठी धागा आहे. साठच्या दशकात मुंबईच्या तुरुंगातल्या एका स्थानबद्धाने अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना, आणि सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारविरुद्ध निकाल दिला. म्हणजे तत्त्वाची वानवा कधीच नव्हती. ते तृतीयपंथी कैद्याला लागू करावं असं मात्र कुणाच्या मनात आलं नाही.

एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातल्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली आणि आपलं लिंग आपणच ठरवायचा हक्क मान्य केला. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही सामील झाल्या होत्या. निकालात २००६ च्या योग्यकर्ता तत्त्वांचा, म्हणजे लैंगिक कल आणि लिंग ओळख यांबाबतच्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क तत्त्वांचा, आधार घेतलेला आहे. त्यातलं नववं तत्त्व कोठडीतल्या वागणुकीबद्दलच आहे. तरी न्यायालयाने सरकारला दिलेल्या आदेशांत शिक्षण, नोकऱ्या, आरोग्य, स्वच्छतागृहं होती; तुरुंग नव्हता. वास्तविक कोठडीत काय घडतं ते न्यायालयांना ठाऊक होतं. चेन्नईत चोरीच्या संशयावरून पकडलेल्या एका तृतीयपंथी व्यक्तीने पोलीस ठाण्यातल्या लैंगिक छळाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं होतं, आणि २००७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कुटुंबाला पाच लाखांची भरपाई द्यायला लावली होती.

देशात असे कैदी आहेत तरी किती, हे बराच काळ मोजलंच गेलं नव्हतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने असत. दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली तेव्हा विभागाने रकाना वाढवायचं कबूल केलं, आणि २०२० च्या अहवालात पहिल्यांदा आकडा आला: ४,८८,५११ कैद्यांपैकी ७० तृतीयपंथी. यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ज्याची नोंद गेटवर पुरुष म्हणून झाली, तो या सत्तरांत येत नाही.

१० जानेवारी २०२२ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना सूचनापत्र पाठवलं. या विषयावरचा हा सर्वांत तपशीलवार सरकारी कागद. तृतीयपंथीयांसाठी वेगळा विभाग, वेगळी शौचालयं आणि न्हाणीघरं; झडती कैद्याच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याकडून, आडोशाला; नोंदवहीत तिसरा रकाना; आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याखालचं जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र काढायला तुरुंगाने मदत करायची. वेगळं ठेवताना पूर्ण एकटं पाडू नका, असंही त्यात बजावलं आहे. अडचण अशी की घटनेनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय. सूचनापत्र पाळलं नाही म्हणून कुणाची नोकरी जात नाही. २०२३ मध्ये केंद्राने नमुना तुरुंग कायदा काढला, डिसेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने नागपूर अधिवेशनात राज्याचा नवा कारागृह कायदा मंजूर केला. तेव्हा कुठे १८९४ चा कायदा मागे पडायला लागला.

समलिंगी कैद्यासाठी तर वेगळी बराक हा उपाय नाहीच. त्याने नुसती ओळख उघडी पडेल. त्याचे प्रश्न निराळे. पहिला मुलाखतीचा, म्हणजे बाहेरच्या माणसांनी तुरुंगात येऊन भेटण्याचा. मुलाखतीला यायचं तर नातं सांगावं लागतं, आणि जोडीदाराचं नातं कुठल्या कागदावर दाखवायचं? ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, पण अशा जोडप्यांच्या अडचणी बघायला समिती नेमायची हमी केंद्राने तेव्हा दिली. त्यातून जुलै २०२४ मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना कळवलं की समलिंगी, तृतीयपंथी आदी कैद्यांना आपल्या पसंतीच्या व्यक्तीला भेटू द्यावं, भेदभाव करू नये. मुलाखत झाली, रजेचं काय? संचित रजा किंवा अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांचे नियम रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांवर बेतलेले आहेत. तृतीयपंथीयांच्या परिवारातला गुरू वारला तर चेल्याला, जोडीदार गेला तर जोडीदाराला आणीबाणीची रजा मिळेल असं त्या यादीत काही नाही.

दुसरा प्रश्न शिस्तीचा. ३७७ गेलं तरी १८९४ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये ‘अनैतिक, असभ्य किंवा बेशिस्त वर्तन’ हा तुरुंगातला गुन्हा आहे. त्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही, अधीक्षकाचा निर्णय पुरतो, आणि शिक्षेतली माफी कापली जाऊ शकते. निरोधांचा मुद्दाही तिथेच घुटमळतो. एचआयव्ही कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे सरकारच्या ताब्यातल्या प्रत्येकाला प्रतिबंध, चाचणी आणि उपचारांचा हक्क आहे. हा कायदा लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे ३७७ च्या निकालानंतर चारच दिवसांनी.

आणि आता एक उलटी गोष्ट. २०१८ च्या निकालाने ३७७ पूर्ण पुसलं नव्हतं. संमतीविना झालेला संबंध तेव्हाही गुन्हाच राहिला, आणि पुरुष कैद्यावर पुरुषाने केलेल्या बलात्कारासाठी वापरता येईल असं तेच एक कलम होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि त्यात ३७७ ची जागाच उरली नाही. संसदेच्या स्थायी समितीने आधीच ही त्रुटी दाखवली होती, ती मानली गेली नाही. नव्या संहितेतही बलात्कार म्हणजे पुरुषाने स्त्रीवर केलेला. तुरुंग कर्मचाऱ्याने स्त्री कैद्यावर बलात्कार केला तर किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं. पुरुष कैद्यासाठी मारहाण, दुखापत अशी साधी कलमं. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राला यावर लवकर निर्णय घ्यायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं तेव्हा, नवा गुन्हा निर्माण करणं हे संसदेचं काम, आम्ही तसा आदेश देऊ शकत नाही, असं सांगून न्यायालयाने याचिकाकर्त्याला सरकारकडे निवेदन द्यायला सांगितलं.