घरशाळेचे वर्ष आखताना : एकाहून अधिक मुले असलेल्या पालकांसाठी

मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणाऱ्या पालकांसाठी आम्ही अभ्यासाच्या नियोजनवह्या काढतो. दरवर्षी मे महिन्यात आम्हांला हमखास विचारले जाते, की घरी तीन मुले आहेत, तर तीन नियोजनवह्या पाठवाल का? आम्ही एकच वही घेण्यास सुचवतो. त्यात आमचाच विक्रीचा तोटा आहे, हे मान्य. परंतु आग्रहाने तीन वह्या नेलेले बरेच पालक गणपतीच्या सुमारास कोरी पाने मागतात आणि तोवर सगळे वेळापत्रक खोडून झालेले असते.

अडचण साध्या हिशेबाची आहे. सहा, नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलांसाठी शाळेप्रमाणे प्रत्येकी सहा विषय लावले, तर दिवसाला अठरा पाठ होतात. एका पाठाला अर्धा तास धरला तरी नऊ तास लागतात आणि शिकवणारे माणूस बहुधा एकच असते.

म्हणून आमच्या वहीत इयत्तावार रकाने नाहीत. भाषा आणि गणित प्रत्येक मुलाचे वेगळे ठेवले आहे, तर इतिहास, विज्ञान, परिसर आणि चित्रकला यांचे पान सर्वांचे मिळून एकच आहे. शिवकाल चौथीच्या अभ्यासक्रमात येतो आणि सातवीत अधिक विस्ताराने पुन्हा येतो, त्यामुळे मधल्या आणि थोरल्या मुलाला तो एकाच सत्रात घेता येतो. सर्वांना सिंहगडावर न्यावे. धाकट्याने कल्याण दरवाजाचे चित्र काढावे, मधलीने १६७० च्या लढाईची हकिकत आपल्या शब्दांत सांगावी आणि थोरल्याने १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी जितके सापडतील तितके नकाशावर शोधावेत. सहल एक, तयारी एक, काम मात्र ज्याच्या त्याच्या वयाचे. (सुरुवातीला या वहीला आम्ही ‘कुटुंब-नियोजन वही’ म्हणत होतो, फोनवर लोक हसू लागले, तेव्हा नाव बदलले.)

दहावीला बसणाऱ्या मुलाचे नियोजन मात्र वेगळेच करावे. एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, जिथे शाळेत न जाता परीक्षा देता येते) दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या सुमारास होतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात. अशा मुलासाठी आम्ही परीक्षेपासून मागे मोजत आखलेली स्वतंत्र पुरवणी देतो.

वहीतील दर सहावा आठवडा कोरा आहे, ती छपाईची चूक नव्हे. ताप, पाहुणे आणि सणवार यांत मागे पडलेले काम तेथे भरून काढायचे असते. तारखाही आम्ही छापलेल्या नाहीत. त्या आपण पेन्सिलीने आणि एका वेळी सहाच आठवड्यांच्या भराव्यात, ही विनंती.

मागणी नोंदवताना इयत्ता न कळवता सर्व मुलांची वये कळवावीत आणि कोणी परीक्षेला बसणार असल्यास तिचे सत्रही लिहावे. न लिहिलेली वही पंधरा दिवसांत बदलून मिळेल. लिहिलेली वही परत घेता येत नाही, मात्र सुटी पाने केव्हाही विकत मिळतात.