दोन सायलेन्सरांमधली आडवी नळी

जुन्या दोन सिलिंडरच्या मोटरसायकलीत दोन्ही बेंड पाइपांना, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळ्यांना, जोडणारी एक आखूड आडवी नळी अनेकदा दिसते. तिला क्रॉसओव्हर पाइप म्हणतात. गाडी नव्याने उभी करताना सगळ्यात आधी हिच्यावरच गदा येते. क्लॅम्प गंजलेला, नळी सडलेली, नवी मिळायची मारामार. मग दोन्ही बाजूंची भोकं वेल्डिंगने बुजवतात आणि वरून झकास क्रोम चढवतात. नागपुरातल्या चांगल्या गॅरेजांतही हे होताना मी पाहिलं आहे, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळतो.

यात मिस्त्रींना दोष देता येत नाही. आपल्याकडे हात बसलेला असतो तो बुलेट, जावा, येझदीवर. येझदीला दोन सायलेन्सर असले तरी सिलिंडर एकच, त्यामुळे तिथे अशा जोडणीची गरजच नाही. राजदूत ३५० ला सिलिंडर दोन, पण ते टू-स्ट्रोक इंजिन. त्याचा प्रत्येक सायलेन्सर आपल्याच सिलिंडरकडे ठरल्या वेळी दाबाची लाट परत पाठवतो. मध्ये नळी टाकली तर तो मेळच बिघडेल. प्रश्न येतो तो फोर-स्ट्रोक जुळ्या सिलिंडरांचा. ट्रायम्फच्या ६५० सीसी बॉनव्हिलला ही नळी १९६९ च्या मॉडेलपासून आली, हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाच्या, अगदी जवळ. म्हणून आधी गाडीचं साल नक्की करा. १९६७ च्या गाडीला ती नव्हतीच, तिथे हौसेने बसवू नका.

आता ती करते काय? या बॉनव्हिलचे दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होतात, पण स्फोट आळीपाळीने होतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर एका सिलिंडरचे सेकंदाला २५ स्फोट, आणि डाव्या-उजव्या स्फोटांत २० मिलिसेकंदांचं अंतर. डाव्या बाजूचा व्हॉल्व्ह उघडून दाबाची लाट बाहेर पडते तेव्हा उजवा सायलेन्सर जवळजवळ रिकामा असतो. नळी असली की लाटेचा काही भाग तिकडे वळतो. म्हणजे प्रत्येक स्फोटाला दोन्ही सायलेन्सरांची पोकळी वापरायला मिळते. दाबाचा कळस खाली येतो, आवाज मऊ होतो.

दुसरा फायदा त्याहून सुंदर आहे. दाबाची लाट जिथे अचानक जास्त जागा मिळते तिथे पोहोचली, की तिचा एक भाग उलटा होऊन, म्हणजे कमी दाबाची लाट बनून, मागे फिरतो. हेडजवळच्या जोडावर नेमकं हेच घडतं. ५०० अंश सेल्सिअस तापलेल्या धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० मीटर असतो. ४५ अंशांच्या आपल्या मे महिन्यातल्या हवेत तो ३६० च्या आसपास. १५ सेंटिमीटरवरच्या जोडापासून परत यायला लाटेला अर्धा मिलिसेकंद पुरतो. ही आणि पुढून, सायलेन्सरच्या तोंडाकडून येणाऱ्या अशाच लाटा जळका वायू ओढून घ्यायला हातभार लावतात. मधल्या वेगात इंजिनाची ओढ सुधारते ती यामुळे.

या नळीतून वायू एकाच दिशेने वाहत नाही, ये-जा करतो. तेल जाळणाऱ्या इंजिनात तिथे काजळी साचते. नळी मोकळी आहे का, हे उघड्यावर तपासा. गाडी थंड असतानाच चालू करा आणि जाड हातमोजा घालून एका सायलेन्सरच्या तोंडावर ओल्या फडक्याचा बोळा क्षणभर दाबा. नळी मोकळी असेल तर इंजिन चालूच राहतं आणि दुसऱ्या तोंडातून झोत दुप्पट जोराने येतो. तुंबली असेल तर त्या बाजूचा सिलिंडर गुदमरतो, ठोका तुटतो.

गळतीची खूण वेगळी. क्लॅम्पच्या कडेला काळी रेघ उमटते. थ्रॉटल सोडल्यावर गाडी फटाके फोडते, कारण कमी दाबाच्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल पाइपातच पेटतं. “भाऊ, कार्बोरेटर बघा जरा,” असं म्हणून गिऱ्हाईक येतं, आणि मग जेट, म्हणजे कार्बोरेटरातली पेट्रोलची बारीक तोटी, बदलण्यात दिवस जातात. आधी जोड पाहा.

सडण्याचं कारण पाऊस तेवढा नाही, जेवढं आतलं पाणी. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. गाडी सदरहून सीताबर्डीपर्यंतच फिरत असेल तर पाइप पुरते तापत नाहीत, वाफ आतच थिजते. इंजिनाखालून जोड असलेल्या गाड्यांत, जुन्या बीएमडब्ल्यूसारख्या, ते पाणी सगळ्यात खालच्या या नळीत येऊन थांबतं. नवी नळी वळवून घेताना आतला व्यास मूळचाच ठेवा आणि वेल्डिंगचा थर आत डोकावू देऊ नका. बसवताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाइप आपापल्या जागी बसू द्या, मग हेडपासून मागे कसत या. आधीच एखादा जोड आवळला तर ताण उरतो, आणि पाइप तापून फुगला की तिथूनच गळती सुरू होते.