उंचीची ‘हरवलेली’ आनुवंशिकता : पार्श्वभूमी

मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगांतले आनुवंशिकतेचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि लगेच वाद पेटला. वाटाणा एक तर गोल असतो किंवा सुरकुतलेला. माणसाची उंची मात्र सलग चढत जाते, मग तिला हे नियम लागू कसे पडावेत? १९१८ च्या एका गणिती निबंधाने भांडण मिटवले: जनुके पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा थोडा आणि वर परिस्थितीचा हात, एवढे धरले की सलग चढउतार आपोआप मिळतो. बियाणे आणि दुभती जनावरे निवडणाऱ्यांनी हे सूत्र कित्येक दशके वापरले. नेमकी जनुके कोणती, याची त्यांना गरजच पडली नाही.

पेच आला तो २००७ नंतर, माणसाच्या जीनोममधली (संपूर्ण डीएनएमधली), माणसामाणसांत वेगळी असणारी लाखो ठिकाणे एका दमात तपासता येऊ लागल्यावर. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार लोकांच्या उंचीतला सुमारे ८० टक्के फरक आनुवंशिक होता. हजारो लोक तपासून सापडलेल्या, उंचीशी निगडित चाळीसेक ठिकाणांनी मिळून उलगडला जेमतेम ५ टक्के. उरलेली आनुवंशिकता ‘हरवली’ असे म्हटले जाऊ लागले.

खरे तर तिचा मोठा भाग हरवला नव्हताच, कसोटीने बाहेर ठेवला होता. लाखो ठिकाणे तपासली की काही निव्वळ योगायोगानेही ‘सापडतात’. त्याआधी एकेका जनुकाबद्दलचे कितीतरी दावे फेरतपासणीत कोसळले होते. म्हणून ठरले, की योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असेल तरच ठिकाण मान्य. खोटे दावे त्यामुळे आटले, हे कबूल. पण एकेकाचा परिणाम बारीक असणार हे १९१८ पासून माहीत होते; चार-दोन हजार लोकांच्या पाहणीत तो ही कसोटी ओलांडणार कसा? २०१० मध्ये एका गटाने कसोटी बाजूला ठेवली आणि जवळपास तीन लाख ठिकाणांचा एकत्रित हिशेब केला. चार हजारांहून कमी लोकांत उंचीतला ४५ टक्के फरक उलगडला. वंशगटांतले भेद त्यात मिसळले असतील, अशी शंका घेतली गेली. पद्धत मात्र टिकली. उरलेल्या तफावतीचा काही भाग दुर्मीळ जनुकीय बदलांत असल्याचे पुढे दिसले.

२०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या अभ्यासात कडक कसोटी पार करणारी १२,१११ ठिकाणे मिळाली. युरोपीय वंशाच्या लोकांत त्यांनी ४० टक्के फरक उलगडला, इतरांत १० ते २०. सहभागींपैकी सुमारे तीन चतुर्थांश युरोपीय वंशाचेच होते. अशाच अनेक ठिकाणांच्या बारीक परिणामांची बेरीज करून काढलेल्या गुणांकांवर आजारांचा धोका सांगणे, अगदी भ्रूण निवडणेही, कुठेकुठे सुरू झाले आहे.