खेळायला की खेळणं?

आमच्या गल्लीतला एक पोरगा पहाटे तालमीत जोर-बैठका मारतो आणि संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजीला बसतो. परवा त्यानं वहीत लिहिलं, ‘आय एन्जॉय टू रेसल.’ वाक्य चुकलं, पण चुकीचं मूळ मराठीत आहे. आपण म्हणतो, ‘मला कुस्ती खेळायला आवडतं.’ आणि ‘खेळायला’ म्हणजे ‘टू प्ले’ हे शाळेत पाठ झालेलं असतं. ‘एन्जॉय’पुढे मात्र ‘इंग’च लागतो: ‘एन्जॉय रेसलिंग.’

क्रियापदाला ‘इंग’ जोडून होणारं हे नाम म्हणजे जेरंड. ‘स्विम’चा एम दुप्पट होतो, ‘मेक’चा शेवटचा ई गळतो, स्पेलिंगचं लक्षात ठेवायचं मुख्यतः एवढंच. खरी गंमत त्याच्या स्वभावात आहे. जागा नामाची घेतो, पण क्रियापदाची सवय सोडत नाही. आपलं ‘णं’ तसंच. ‘रोज जोर मारणं सोपं नाही’ यात ‘मारणं’ नाम झालं, तरी ‘जोर’ हे कर्म त्याच्यासोबत आहेच.

मग ‘ही इज रनिंग’मधला ‘इंग’ कोण? तो जेरंड नव्हे. जुन्या इंग्रजीत नाम करणारा प्रत्यय ‘उंग’ किंवा ‘इंग’ होता, तर आपल्या ‘पळत’, ‘पळणारा’ यांच्या जागी येणारा ‘एंडे’ वेगळा होता. मध्ययुगात दोघांचं रूप एकच झालं. जर्मननं ‘उंग’ आणि ‘एंड’ अजून वेगळे ठेवलेत.

कधी कधी मात्र मराठी अगदी नेमकी वाट दाखवते. ‘ही स्टॉप्ड टू ड्रिंक टी’ म्हणजे तो रंकाळ्यावर चहा प्यायला थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्यानं चहा पिणं सोडलं. ‘रिमेंबर टू लॉक’ म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेव. ‘आय रिमेंबर लॉकिंग’ म्हणजे लावल्याचं आठवतंय. एकात काम व्हायचंय, दुसऱ्यात होऊन गेलंय.

त्या पोराला मी शेवटी शब्दयोगी अव्यय दाखवलं. ‘आधी’, ‘साठी’, ‘कडे’ लागलं की आपल्या ‘णं’चं ‘ण्या’ होतं: खेळण्याआधी, खेळण्यासाठी, खेळण्याकडे. इंग्रजीत ‘बिफोर’, ‘फॉर’ यांच्यामागून असाच ‘इंग’ येतो. अर्जाच्या शेवटी लिहितात ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ इथंच उलगडतं. तिथला ‘टू’ हा ‘खेळायला’मधला ‘ला’ नव्हे, तो ‘कडे’ आहे: तुम्हाला भेटण्याकडे डोळे लागलेत.