पेशिच, स्वेतिस्लाव्ह

पेशिच, स्वेतिस्लाव्ह : (२८ ऑगस्ट १९४९– ). सर्बियन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षक. जर्मनी, युगोस्लाव्हिया आणि सर्बिया या तिन्ही देशांच्या पुरुष संघांना त्यांच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या स्पर्धांत पदके मिळाली. जन्म नोव्ही साद येथे. बालपण बल्गेरियाच्या सीमेजवळील पिरोत गावात गेले. बास्केटबॉलची सुरुवातही तिथलीच.

खेळाडू म्हणून ते गार्डच्या, म्हणजे चेंडू खेळवत चाली रचणाऱ्याच्या, जागी खेळत. बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून १९६७ ते १९७१ अशी चार वर्षे खेळल्यावर ते सारायेव्होच्या बोस्ना क्लबात गेले. बोस्ना तेव्हा दुसऱ्या श्रेणीतला संघ होता आणि त्याची सूत्रे बोग्दान तान्येविच या अगदी तरुण प्रशिक्षकाने नुकतीच हाती घेतली होती. पुढच्याच वर्षी संघ वरच्या श्रेणीत आला, १९७८ मध्ये युगोस्लाव्हियाचा विजेता ठरला आणि १९७९ मध्ये ग्रनोबल येथे इटलीच्या वारेसे संघाला ९६–९३ असे हरवून युरोपीय अजिंक्यपद जिंकणारा पहिला युगोस्लाव्ह क्लब झाला. त्या सामन्यात झार्को वारायिचने ४५ गुण केले. संघाचा तारा होता मिर्झा देलिबाशिच. पेशिच यांचे नाव या दोघांच्या मागून येते. पण आठ वर्षांत तळातून शिखरावर गेलेला संघ त्यांनी आतून पाहिला होता, आणि ही शिदोरी त्यांना जन्मभर पुरली. त्याच वर्षी त्यांनी खेळणे थांबवले.

१९८२ मध्ये ते बोस्नाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या पहिल्याच मोसमातले विजेतेपद आजही वादाचे आहे. निर्णायक सामन्यात शेवटच्या क्षणी मिळालेल्या दोन फ्री थ्रोवर (प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणारे विनाअडथळा फेक) अठरा वर्षांच्या द्राझेन पेट्रोविचने क्रोएशियातील शिबेनिकच्या संघाला ८३–८२ असे जिंकून दिले होते. दुसऱ्या दिवशी युगोस्लाव्ह बास्केटबॉल संघटनेने तो निकाल रद्द करून सामना पुन्हा खेळवण्याचा आदेश दिला. शिबेनिकने खेळायला नकार दिला आणि चषक बोस्नाकडे गेला. क्रोएशियात हा सामना कोणी विसरलेले नाही.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव खऱ्या अर्थाने झाले ते १९८७ मध्ये, इटलीतील बोर्मिओ येथील कनिष्ठ विश्वचषकात. तोनी कुकोच, व्लादे दिवाच, दिनो राजा, अलेक्सांदर जॉर्जेविच ही सगळी मुले त्यांच्या संघात होती. या संघाने अमेरिकेला दोनदा हरवले. गटातील सामन्यात कुकोचने तीन गुणांचे १२ पैकी ११ फेक बास्केटमध्ये टाकले. अंतिम सामना ८६–७६ असा जिंकला. काही वर्षांतच देश फुटला आणि हे मित्र वेगवेगळ्या झेंड्यांखाली गेले. पेशिच त्याआधीच, १९८७ मध्ये, पश्चिम जर्मनीचे प्रशिक्षक झाले होते.

जर्मनीत तेव्हा बास्केटबॉलला फारसे कोणी विचारत नव्हते. संघ १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत पोहोचला आणि सातवा आला. १९९३ ची युरोपीय स्पर्धा जर्मनीतच होती. संघातला सर्वांत मोठा खेळाडू डेटलेफ श्रेम्फ खेळला नाही. दुसरीकडे युद्धामुळे लादलेल्या आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे युगोस्लाव्हियाही स्पर्धेबाहेर होता. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनला जादा वेळेत आणि उपांत्य फेरीत ग्रीसला मागे टाकून जर्मनी अंतिम सामन्यात आली. म्युनिकमध्ये शेवटच्या काही सेकंदांत क्रिस्टियन वेल्पने बास्केट केली, वर मिळालेला फ्री थ्रोही साधला आणि रशियाला ७१–७० असे हरवले. जर्मनीचे हे पहिले मोठे विजेतेपद. नशिबाचा वाटा होता, हे खरे; पण सहा वर्षांची घडण नसती तर नशीब तिथवर आलेच नसते.

त्यानंतर सात वर्षे ते बर्लिनच्या आल्बा संघाकडे होते. १९९५ चा कोराच चषक ही जर्मन क्लबने जिंकलेली पहिली युरोपीय स्पर्धा. १९९७ पासून सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या काळातली. मैदानाच्या कडेला लालबुंद होऊन ओरडणारे, बचावात ढिलाई खपवून न घेणारे प्रशिक्षक ही त्यांची ख्याती. पण तरुणांना मैदानावर उतरवायला ते कचरत नसत.

२००१ मध्ये युगोस्लाव्हियाने त्यांना बोलावले. त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये यजमान तुर्कस्तानला हरवून युरोपीय सुवर्ण मिळाले. २००२ च्या विश्वचषकात इंडियानापोलिस येथे संघाने उपांत्यपूर्व फेरीत एनबीए या व्यावसायिक लीगमधील खेळाडूंच्या अमेरिकेला ८१–७८ असे घरी पाठवले आणि अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला जादा वेळेत ८४–७७ असे हरवले. नियमित वेळेच्या शेवटी पंचांनी न दिलेल्या फाउलबद्दल अर्जेंटिनाचे चाहते आजही बोलतात. ‘युगोस्लाव्हिया’ या नावाने पुरुष बास्केटबॉलमध्ये जिंकलेले हे शेवटचे सुवर्ण. काही महिन्यांत देशाचे ते नावही गेले.

पुढच्या मोसमात ते बार्सिलोनाचे प्रशिक्षक होते. युरोपीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना पाच वेळा हरलेल्या या क्लबने २००३ मध्ये स्वतःच्या शहरात इटलीच्या त्रेव्हिजोला ७६–६५ असे नमवून तो चषक प्रथमच उचलला. देयान बोदिरोगा आणि शारुनास यासिकेविचस त्या संघात होते. रोम, जिरोना, मॉस्को, व्हॅलेन्सिया अशी भ्रमंती नंतर चालूच राहिली. २०१४ मध्ये बायर्न म्युनिकला त्यांनी १९५५ नंतरचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. २०१८ मध्ये ते पुन्हा बार्सिलोनात आले. २०२० मध्ये त्यांची जागा यासिकेविचसनेच घेतली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी त्यांची निवड झाली.

२०२१ मध्ये, वयाच्या बहात्तरीत, ते सर्बियाचे प्रशिक्षक झाले. २०२३ च्या विश्वचषकात सर्वांत मोठा खेळाडू निकोला योकिच नसतानाही संघ मनिला येथील अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि ७७–८३ असा हरला. समोर होती जर्मनी. त्यांचा मुलगा मार्को पूर्वी याच जर्मनीकडून खेळला होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये योकिच परतला. उपांत्य फेरीत सर्बिया एका टप्प्यावर अमेरिकेच्या १७ गुणांनी पुढे होती. स्टीफन करीच्या ३६ गुणांपुढे ती ९१–९५ अशी हरली. कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा जर्मनीच समोर आली आणि या वेळी सर्बिया ९३–८३ अशी जिंकली. २०२५ च्या युरोपीय स्पर्धेनंतर पेशिच यांनी संघाची सूत्रे सोडली.