डासाला विचारायचं कसं?

डासांपासून वाचवणाऱ्या क्रीमच्या ट्यूबवर ‘८ तास संरक्षण’ असं छापलेलं असतं. हे तास मोजले कुणी, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. उत्तर कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग त्या मोजणाऱ्यांबद्दल आदर वाटला. कारण हे तास बहुतेक वेळा कुणीतरी खरोखरच डासांच्या पिंजऱ्यात हात घालून मोजलेले असतात.

पिंजरा जाळीचा, प्रत्येक बाजू ३५ ते ४० सेंटिमीटर. आत २०० ते २५० डास, सगळ्या माद्या. नर फुलांच्या रसावर आणि गोडावर जगतो, त्याला आपल्यात काडीचा रस नसतो. स्वयंसेवक पंजावर जाड हातमोजा चढवतो आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग उघडा ठेवतो. आदल्या १२ तासांत त्याने अत्तर, सुगंधी पावडर असं काही लावलेलं चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ सालच्या मार्गदर्शक पद्धतीनुसार आधी काहीही न लावलेला हात आत जातो. ३० सेकंदांत किमान १० डास त्यावर उतरले, तरच पुढे जायचं. ही अट मला फार आवडते. कारण डासच मरगळलेले असतील तर साधं खोबरेल तेलसुद्धा अव्वल ठरेल.

मग दुसऱ्या हातावर मोजून औषध लावायचं आणि दर अर्ध्या किंवा एका तासाने तो हात काही मिनिटं पिंजऱ्यात धरायचा. हात हलवायचा नाही. डास उतरला, सोंड टेकवली, की रक्त ओढण्याआधी झटकायचा. पहिला डास ज्या वेळी उतरला, तिथे घड्याळ थांबलं. त्याला म्हणायचं पूर्ण संरक्षणाचा काळ. हे डास प्रयोगशाळेत अंड्यापासून वाढवलेले असतात, त्यांनी कुणा आजारी माणसाचं रक्त प्यायलेलं नसतं, म्हणून हा उद्योग करता येतो.

आता यातली गोम बघा. २०० डासांपैकी १९९ लांब राहिले आणि एक धीट मादी उतरली, तरी चाचणी संपली. म्हणजे छापील आकडा ठरवते ती पिंजऱ्यातली सर्वांत हट्टी मादी. पिंजऱ्यात डास जितके जास्त, तितकी अशी एखादी हट्टी मादी लवकर सापडणार आणि औषधाचे तास कमी भरणार. काही नियमावल्यांत एकटी मादी उतरली तर ती मोजत नाहीत. पुढच्या अर्ध्या तासात दुसरी उतरली तरच पहिली ‘पक्की’ धरतात. क्रीम तेच, हात तोच, डासही तेच, पण तास वेगळे.

२००२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली होती. १५ स्वयंसेवकांच्या हातांवर बाजारातली १६ उत्पादनं तपासली गेली. डीट हे डासरोधक क्रीममधलं नेहमीचं रसायन. ते २३.८ टक्के असलेलं उत्पादन सरासरी ३०१.५ मिनिटं टिकलं, म्हणजे पाच तास. सिट्रोनेला तेलाची बहुतेक उत्पादनं २० मिनिटांच्या आत गळाली. आणि मनगटात घालायचे डासरोधक पट्टे? अर्ध्या मिनिटाच्याही आत. मुलांच्या हातात हौसेने रंगीबेरंगी पट्टे अडकवणाऱ्या आयांना हे सांगायला मला नेहमी जिवावर येतं. पण या प्रयोगात पिंजऱ्यात फक्त १० डास होते, हेही लक्षात ठेवायला हवं. दोनशे असते तर पाच तासांचं काय झालं असतं?

सिट्रोनेला हा आपल्या गवती चहाचा भाऊबंद. त्याचं तेल डासाला आवडत नाही हे खरं आहे, फक्त ते भराभर उडून जातं. जो वास आपल्या नाकाला झणझणीत लागतो, तोच लवकर संपतो. डीटला जवळपास वास नाही, ते कातडीवरून हळू उडतं, म्हणून टिकतं. अमेरिकी सैन्यासाठी १९४६ साली ते तयार झालं, १९५७ पासून सामान्य लोकांना मिळू लागलं आणि अजूनही नवी औषधं त्याच्याशीच तोलली जातात. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने त्याला स्वस्त पर्याय म्हणून डेपा नावाचं रसायन विकसित केलं.

बरं, ज्याच्या जिवावर हे सगळे आकडे उभे आहेत तो डास कसा असतो? लाडावलेला. आळ्या असताना माशांचं खाद्य किंवा कुत्र्याच्या बिस्किटांचा चुरा, मोठं झाल्यावर साखरपाणी, कुठे कुठे भिजवलेले बेदाणे. खोलीचं तापमान २७ अंशांच्या आसपास, हवा दमट. पाच ते सात दिवसांची मादी झाली की चाचणीआधी तिचं साखरपाणी बंद करून तिला उपाशी ठेवतात. एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यूवाली, दिवसा चावते, तिला दिवसा तपासायचं. अ‍ॅनोफिलिस, म्हणजे मलेरियावाली, रात्रीची, तिच्यासाठी खोलीत अंधार करायचा. वेळ चुकली तर क्रीमची परीक्षा व्हायच्या ऐवजी डासाच्या झोपेची होईल. आणि तोच डास पुन्हा वापरायचाही धोका असतो. २०१३ साली असं दिसलं, की एकदा डीटचा वास घेतलेल्या काही एडिस माद्या तीन तासांनी त्याला तितक्याशा बिचकत नाहीत.

पण माझा खरा आक्षेप ‘रिपेलंट’ या शब्दालाच आहे. हा एक शब्द चार वेगळ्या गोष्टींवर पांघरूण घालतो. डास लांबूनच वळला, जवळ आला पण बसला नाही, बसला पण लगेच उडाला, किंवा त्याला तुम्ही तिथे आहात हे कळलंच नाही. पिंजऱ्यातल्या हाताला या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. ‘चावला नाही’ एवढंच.

त्या वेगळ्या करायच्या तर यंत्र बदलावं लागतं. त्यातलं सर्वांत साधं म्हणजे ऑल्फॅक्टोमीटर. नाव भारदस्त, वस्तू म्हणजे इंग्रजी वाय अक्षरासारखी पारदर्शक नळी. वायच्या बुंध्याशी २०-३० माद्या सोडायच्या. दोन्ही फाट्यांतून कोळशातून गाळलेली, दमट केलेली हवा सावकाश त्यांच्याकडे येते. एका फाट्यात हात किंवा वास, दुसऱ्यात काही नाही. डास वाऱ्याच्या उलट दिशेने उडत येतात आणि फाट्याशी आल्यावर निवड करतात. ठरलेल्या वेळाने दारं बंद करायची आणि मोजायचं: डावीकडे किती, उजवीकडे किती, जागचे हललेच नाहीत असे किती. दर फेरीला बाजू बदलायच्या, नळी अल्कोहोलने पुसायची, कारण तुमच्या बोटाचा ठसासुद्धा डासाला आमंत्रण असतो.

इथे नवशिके हमखास फसतात. एका फाट्यात नुसतं औषध ठेवलं, दुसऱ्यात स्वच्छ हवा, आणि डास कुठेच गेले नाहीत. याचा अर्थ काय लावणार? जेवणच नाही तर पंगतीला बसणार कोण! म्हणून दोन्ही फाट्यांत माणसाचा वास हवा आणि एकातच औषध. तरीसुद्धा डास दुसरीकडे वळले, तर ते औषधाला भिऊन वळले की तिथला माणूस त्यांना जाणवलाच नाही, हे उरतंच.

डीटच्या बाबतीत हा तिढा वर्षानुवर्षं चालला. २००८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने म्हटलं, डीट डासाची वास घेण्याची यंत्रणा अडवतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी क्युलेक्स डासांवरून दाखवलं, की डास डीटचा वास घेतात आणि त्याला टाळतात. त्यांचा आक्षेप मोठा मार्मिक होता. डीट आणि दुसरं वासाचं रसायन एकाच नळकांड्यात ठेवलं, तर डीट त्या रसायनाची वाफच कमी करतं. डासाच्या मिशांपर्यंत वास पोचलाच नाही, आणि आपण समजतो मिशा बधिर झाल्या!

२०१३ साली रॉकफेलरमध्येच वास ओळखणारं एक महत्त्वाचं जनुक निकामी केलेले एडिस तयार झाले. डीट लावलेला हात पाहून ते थबकले नाहीत, सरळ आले. पण हातावर उतरले आणि तत्काळ उडाले. म्हणजे नाक गेलं तरी दुसरं काहीतरी शिल्लक होतं. २०१९ साली ते सापडलं. डासाचे पाय. पायांच्या टोकांवर गोंदाचा थर दिला, तर डीट असलेल्या कातडीवरही माद्या निवांत बसू लागल्या. आणि त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून अ‍ॅनोफिलिसबद्दल तिसरंच उत्तर आलं. या डासाच्या वासपेशी डीटच्या वासाने चाळवतच नाहीत. डीट माणसाचा वास दाबून धरतं, म्हणून माणूस त्यांना सापडत नाही. गवती चहाच्या तेलाने मात्र त्याच पेशी जोरात चाळवल्या. एक रसायन, तीन जातींचे डास, आणि प्रत्येकाचं कारण निराळं.

कॉइल आणि लिक्विड मशीनची परीक्षा तर वेगळ्याच खोलीत होते. सहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत डास सोडायचे, यंत्र लावायचं आणि दर काही मिनिटांनी किती डास उताणे पडले ते मोजायचं. निम्मे पडायला किती वेळ लागला हा आकडा महत्त्वाचा. पडलेला डास मेलेला असेलच असं नाही, बरेच जण शुद्धीवर येतात. म्हणून ते उचलून, साखरपाणी देऊन, २४ तासांनी पुन्हा मोजतात. या वस्तूंतली रसायनं मुळात कीटकनाशकं असतात. ‘डास पळवणारी’ ही जाहिरातीची सौम्य भाषा. आणि ज्या ‘अल्ट्रासाउंड’ यंत्रांच्या आवाजाने डास पळतात म्हणे, त्यांची तर २००७ साली १० क्षेत्रीय अभ्यासांची छाननी झाली. डासांवर काहीही परिणाम नव्हता.

आकर्षणाचा अभ्यास मला जास्त गमतीचा वाटतो. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड चार टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे साध्या हवेच्या सुमारे शंभरपट. दहा मीटरहून लांबून मादीला त्याचा पत्ता लागतो. त्यानंतर तिला गडद आकृत्या खुणावू लागतात, अगदी जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि ओल. घामातलं लॅक्टिक आम्ल १९६८ सालीच ओळखलं गेलं, पण एकट्याने ते फारसं काही करत नाही. कार्बन डायऑक्साइडबरोबर दिलं की डास तुटून पडतात. म्हणजे एकेक पदार्थ सुटा तपासून यादी करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. फोडणीतला हिंग वेगळा चाटून आमटीची चव कळते का?

नेदरलँड्समध्ये बार्ट नोल्स यांच्या लक्षात आलं, की मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए माणसाच्या पावलांकडे ओढला जातो. पावलांचा वास जिवाणूंमुळे येतो, आणि लिंबर्गर नावाच्या उग्र चीजलाही तसल्याच जिवाणूंचा वास. चीज ठेवलं, डास आले. या कामाला २००६ साली इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाचं बक्षीस.

आपल्याकडे ज्याला डास जास्त चावतात त्याला ‘तुझं रक्त गोड आहे’ म्हणतात. २०२२ साली रॉकफेलरच्या गटाने ६४ जणांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवले आणि मग ते मोजे समोरासमोर लावून एडिसला निवड करायला दिली. रक्ताचा इथे संबंधच नव्हता, नुसतं कापड होतं. तरी सर्वांत ‘गोड’ माणूस सर्वांत नावडत्यापेक्षा शंभरपट आकर्षक ठरला, आणि हा क्रम काही वर्षांनंतरही टिकला. आवडत्या माणसांच्या कातडीवर कार्बोक्झिलिक आम्लं जास्त होती.

नळीतलं हे ज्ञान बाहेर चालतं का? केनियातल्या रुसिंगा बेटावर वासाचं आमिष लावलेले, सौरविजेवर चालणारे सापळे घरोघर बसवले गेले. अ‍ॅनोफिलिस फ्युनेस्टसची संख्या ६९ टक्क्यांनी घटली, आणि सापळे असलेल्या घरांत मलेरियाचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळलं.

झांबियात माचा इथे तर पिंजराच २० मीटर लांब आणि २० मीटर रुंद बांधला. भोवती तंबूंत सहा माणसं झोपवली, त्यांच्या अंगावरची हवा नळ्यांनी पिंजऱ्यात आणून ३५ अंशांपर्यंत तापवलेल्या चकत्यांवर सोडली. रोज रात्री २०० अ‍ॅनोफिलिस माद्या, आणि कोण कुठल्या चकतीवर उतरतं ते टिपणारे अवरक्त कॅमेरे. कार्बोक्झिलिक आम्लं जास्त तिथे गर्दी जास्त, हे इथेही दिसलं. एका माणसाकडे मात्र डास फारसे फिरकेनात. त्याच्या वासात ती आम्लं कमी होती आणि युकॅलिप्टॉल, म्हणजे निलगिरीच्या तेलातला घटक, बराच जास्त. तो त्याच्या खाण्यातून आला असावा, असा संशोधकांचा कयास आहे. युकॅलिप्टॉल आपल्या वेलदोड्यातही भरपूर असतं. पण डबा उघडायची घाई नको, सहा जणांतला तो एकटा होता.